धूर न सोडणारा टेम्पो

चूल पेटली की धूर होतो. घराला धुराडे असले, तर तो बाहेर जातो. नसले, तर डोळे चुरचुरतात, पोरे खोकतात. आता सांगा, सगळ्या शहरातच धूर कोंडला तर?

नेपाळ देशात काठमांडू हे शहर आहे. त्याच्या चहूबाजूंनी डोंगर. शहर जणू परातीत बसले आहे. थंडीत खाली गार हवा साचते. वर उबदार हवेचे झाकण बसते. मग धूर जाणार कोठे?

या शहरात डिझेलवर चालणारे तीनचाकी टेम्पो धावत. ते काळा धूर सोडत. लोक त्रासले. बंद करा म्हणणे सोपे. पण टेम्पोवाल्याचे पोट त्यावरच. आणि लोकांनी कामाला जावे कसे?

म्हणून आधी दुसरी वाट शोधली. १९९३ साली एका जुन्या टेम्पोचे इंजिन काढले. त्या जागी विजेची मोटर आणि बॅटऱ्या बसवल्या. टेम्पो चालू लागला! ना धूर, ना धडधड. त्याचे नाव पडले ‘सफा टेम्पो’. नेपाळी भाषेत सफा म्हणजे स्वच्छ.

पुढे असे नवे टेम्पो तयार होऊ लागले. सरकारने विजेच्या गाड्यांवरचा आयात कर कमी केला. मगच १९९९ साली त्या खोऱ्यात डिझेलच्या टेम्पोंना बंदी झाली. सफा टेम्पो सहाशेच्या आसपास झाले. कितीतरी बायका ते चालवू लागल्या. घरात त्यांची कमाई येऊ लागली. नेपाळात वीज बहुतेक नद्यांच्या पाण्यावर होते. त्यामुळे वीज करतानाही धूर नाही.

पण अडचणीही होत्याच. बॅटरी दिवसभर पुरत नसे. मध्येच ती उतरवून भरलेली दुसरी बसवावी लागे. काही काळाने बॅटरी थके. नवी घ्यायची तर पैसा फार लागे. शहरात इतर गाड्याही वाढल्या. त्यामुळे तिथली हवा अजून पुरती साफ झालेली नाही. एका टेम्पोने सगळे भागत नाही. पण त्याने वाट दाखवली, हे खरे.

मंडळी, यातून काय घ्यायचे? धूर थांबलाच पाहिजे. पण ज्याचे पोट त्यावर आहे, त्याच्या हाती आधी दुसरे साधन हवे. मग नियम पाळला जातो.

विचार करा :
१. काठमांडूत धूर का कोंडतो?
२. बंदीच्या आधी कोणती सोय झाली?
३. आपल्या तालुक्याच्या गावी धुराच्या रिक्षा बंद करायच्या, तर आधी काय करावे लागेल?