धूर कधी येतो, ते आधी बघ

पोरी, बाबांची मारुती 800 तुझ्याकडे आली आणि महिन्याभरात कुणीतरी "इंजिन उतरवावं लागेल" म्हणून तुला घाबरवलं. 796 सीसीचं ते तीन सिलिंडरांचं इंजिन चिवट आहे. जानेवारी 2014 मध्ये ही गाडी बनणं थांबलं, तरी आपल्या सरस्वतीपुरमात अजून दिसतेच. ऑइल कुठून जातंय हे कळेपर्यंत कुणाला पाना लावू देऊ नकोस.

1. रात्री गाडीखाली जुनं वर्तमानपत्र पसर — सकाळी त्यावर ऑइलचे डाग दिसले तर आधी गळती बंद करायची. कधी नुसतं वरच्या झाकणाचं गॅसकेट बदलून भागतं.

2. ऑइलची पट्टी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, एकदा पुसून मग बघ — चढावर उभ्या गाडीत ती खोटी पातळी दाखवते. सोबत किलोमीटरही वहीत लिही. तुझी स्मरणशक्ती मला ठाऊक आहे, म्हणून वही.

3. धूर उजेडात बघ — निळसर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. डिसेंबरातल्या सकाळी थोडा वेळ पांढरी वाफ दिसली तर काळजी नको.

4. सकाळी सुरू करताच निळा भपका आला आणि लगेच थांबला, तर संशय व्हॉल्व्ह सील आणि गाइडवर — रात्रभर वरचं ऑइल व्हॉल्व्हच्या दांडीवरून खाली झिरपतं. सिग्नलला बराच वेळ थांबून निघताना आला तरी तेच.

5. मग चामुंडी डोंगरावर जा. चढताना, ॲक्सिलरेटर दाबलेला असताना सतत निळा धूर असेल तर बहुधा पिस्टन रिंगा गेल्या. उतरताना गाडी गिअरमध्येच ठेव, पाय काढून ये आणि सपाटीला लागल्यावर पुन्हा दाब. तेव्हा मागे निळा लोट उठला तर गाइड झिजलेत — पाय काढला की इनटेकमध्ये जोराची ओढ तयार होते आणि सैल गाइडमधून ऑइल आत खेचलं जातं. चढ रिंगा सांगतो, उतार गाइड सांगतो. धूर बघायला भावाला मागून स्कूटरवर पाठव. त्या वळणांवर तुझी नजर समोरच हवी.

6. ब्रीदरची नळी साफ करून घे — ती तुंबली तरी इंजिन ऑइल पितं, आणि हा खर्च जवळजवळ फुकटातला.

7. कॉम्प्रेशन आधी कोरडं मोजायला सांग, मग सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून — आकडा चांगलाच वाढला तर रिंगा. मुळातच तिन्ही आकडे चांगले असतील तर बोअरिंगला साफ नकार दे.

8. गाइड झिजलेले असताना नुसती सीलं बदलू नकोस — दांडी डगडगते आणि नवं सीलही लवकर जातं. नवे गाइड बसवले की रीमर फिरवून सीटही पुन्हा कापून घ्यायची — नाहीतर व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

9. जाड ऑइल घालून धूर झाकू नकोस, आणि पातळी वरच्या खुणेपुढे नेऊ नकोस. पण खालच्या खुणेखाली गाडी अजिबात चालवायची नाही — धुराने हेडचं काम निघतं, कोरड्या बेअरिंगने अख्खं इंजिन जातं. पिणारी गाडी चालते, उपाशी गाडी बसते.

या रविवारी सकाळी पहिली चावी फिरवताना भावाला सायलेन्सरमागे उभं कर, आणि काय दिसलं ते मला फोन करून सांग.