पी. टी. ओ. शाफ्टाच्या सांध्यांस ग्रीस कोणतें घालावें?

बैलगाडी जुंपण्यापूर्वीं आंसास वंगण आहे कीं नाहीं हें पाहणें आपल्या वाडवडिलांच्या अंगवळणीं पडलेलें होतें. वंगण संपलें म्हणजे चाक करकरूं लागे, आणि गाडीवान वेळींच सावध होई. ट्रॅक्टरच्या मागें रोटाव्हेटर चालत असतां अशी सूचना मिळत नाहीं. इंजिनाच्या आवाजांत सांध्याची कुरकुर बुडून जाते, आणि सांधा तुटल्यावरच मालकास जाग येते. सबब ट्रॅक्टरची शक्ति अवजाराकडे नेणाऱ्या पी. टी. ओ. शाफ्टाच्या सांध्यांस ग्रीस कोणतें, केव्हां व कसें घालावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय आम्हांस नुकसानीनें शिकविला. एका वर्षीं खरिपाच्या तोंडावर उत्तम वाफसा आलेला असतां आमच्या रोटाव्हेटरच्या शाफ्टाचा क्रॉस भर शेतांत तुटला. ग्रीस घालण्यांत हयगय झालेली नव्हती. गडी रोज सकाळीं ग्रीस गन मारीत असे. परंतु क्रॉसची टोपी उघडून पाहतां आंतील सुया झिजलेल्या व त्यांची तांबूस भुकटी झालेली आढळली. चौकशी करतां कळलें कीं, स्वस्त म्हणून आणलेलें साधें चेसिस ग्रीस आम्ही वर्षभर वापरीत होतों. नवा क्रॉस बसवीपर्यंत दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशीं पाऊस लागला, आणि तें रान आठवडाभर उशिरा पेरलें गेलें. ग्रीसाच्या डब्यांत वांचले किती आणि पेरणींत गेले किती, हा हिशेब वाचकांनींच करावा.

सांध्याचें काम

शाफ्टाच्या दोन्ही टोकांस एकेक क्रॉस असतो. क्रॉसचे चार खुंट चार टोप्यांत बसतात, आणि खुंट व टोपी यांच्यामध्यें सुईसारखे बारीक रूळ असतात. चाकाच्या बेअरिंगांतील रूळ सारखे गोल फिरत राहतात. क्रॉसच्या टोपींतील रूळ तसे फिरत नाहींत. शाफ्ट मिनिटास ५४० फेरे घेत असला, तरी प्रत्येक टोपी आपल्या खुंटावर शाफ्टास जेवढा बांक असेल तेवढीच मागेंपुढें झुलते. एका फेऱ्यास एक झोका धरला तर तासाला ३२,४०० झोके होतात, आणि ते सर्व त्याच त्या जागीं. फिरणारा रूळ नवें वंगण आपल्याबरोबर ओढून आणतो. झुलणारी सुई मात्र असलेलें वंगण दोन्ही बाजूंस सारते. त्यांतच ढेंकूळ लागून रोटाव्हेटरास हिसका बसला कीं तो सगळा भार या सुयांवर येतो, आणि धातूवर धातू घासूं लागतो. आम्हांस दिसलेली तांबूस भुकटी ती हीच. म्हणून जें ग्रीस इतर ठिकाणीं पुरतें तें येथें पुरेलच असें नाहीं.

डब्यावर काय वाचावें

ग्रीस म्हणजे नुसतें घट्ट तेल नव्हे. त्यांत मुख्य भाग तेलाचा असतो. तें तेल धरून ठेवणारा एक प्रकारचा साबण असतो. आणि कांहीं गुणकारी द्रव्यें थोड्या प्रमाणांत मिसळलेलीं असतात. कापसाच्या बोळ्यांत तेल राहावें तसें साबणांत तेल राहतें, आणि लागेल तसतसें तें पाझरतें. म्हणून पहिला प्रश्न साबण कोणता, हा होय.

चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या, साध्या साबणाचें ग्रीस पाण्यास दाद देत नाहीं, परंतु उष्णता सोशीत नाहीं; सुमारें ६० अंश सेंटिग्रेडच्या वर त्याचा भरंवसा धरूं नये. सोडियमच्या साबणाचें ग्रीस उष्णता सोसतें, पण पाणी लागतांच बिघडतें. लिथियमच्या साबणाचें ग्रीस उष्णता चांगली सोसतें व पाण्यांतहि बऱ्यापैकीं टिकतें. शिवाय तें सहज मिळतें. म्हणून सर्वसाधारण कामास लिथियमचें ग्रीस पसंत करावें.

दुसरी खूण 'ईपी' या अक्षरांची. भार अतिशय वाढून तेलाचा पापुद्रा फाटला तरी धातूस संरक्षण देणारीं द्रव्यें त्यांत घातलेलीं आहेत, असा तिचा अर्थ. क्रॉसच्या सुयांस ही गोष्ट अत्यावश्यक आहे.

तिसरी खूण आंकड्याची. अमेरिकेंतील नॅशनल लुब्रिकेटिंग ग्रीस इन्स्टिट्यूट ही संस्था १९३३ सालीं स्थापन झाली. तिनें ग्रीसाच्या घट्टपणाचे क्रमांक लावून दिले आहेत. ते ००० पासून ६ पर्यंत जातात, आणि आंकडा वाढेल तसें ग्रीस घट्ट होतें. २५ अंश उष्णतेवर ठराविक वजनाचा शंकू ग्रीसांत सोडला असतां तो २ क्रमांकांत २६.५ ते २९.५ मिलिमीटर, तर ३ क्रमांकांत २२ ते २५ मिलिमीटर रुततो. आपल्या बाजारांत 'एपी ३' हें ३ क्रमांकाचें ग्रीस पुष्कळ खपतें. चाकांच्या बेअरिंगांस तें ठीक आहे. परंतु क्रॉसमधील अरुंद वाटांतून सुयांपर्यंत पोंचण्यास २ क्रमांकच सोयीचा.

सारांश, यंत्राच्या पुस्तिकेंत निराळें सांगितलें नसेल तर डब्यावर लिथियम, ईपी आणि २ या तिन्ही खुणा पाहून मगच पैसे द्यावे. रंगावर मात्र जाऊं नये. तांबडा, निळा, हिरवा हे रंग मुद्दाम घातलेले असतात. त्यांवरून गुण कळत नाहीं.

काळें ग्रीस कोठें वापरावें

मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेलें काळें ग्रीस सर्वांत उत्तम, असा एक समज आहे. जेथें धातू धातूवर सरकतो तेथें तें खरोखर उपयोगी पडतें. शाफ्टाच्या एकांत एक सरकणाऱ्या नळ्या, दांतेरी टोकें, तसेंच मोटारीच्या पुढील चाकांकडील, रबरी पिशवींत बसविलेले गोळ्यांचे सांधे, हीं त्याचीं ठिकाणें होत. सुयांच्या क्रॉसमध्यें मात्र पुस्तिकेंत सांगितलें असेल तरच तें घालावें. सरकत्या नळ्यांची हेळसांड करूं नये. त्या अडकल्या तर अवजार उचलतांना सगळा रेटा ट्रॅक्टरच्या आंतील बेअरिंगांवर जातो, आणि तो खर्च क्रॉसच्या खर्चाहून पुष्कळ मोठा असतो.

मिसळ करूं नये

आज एक ग्रीस, उद्यां दुसरें, असें करूं नये. लिथियमच्या ग्रीसांत सोडियमचें किंवा बेंटोनाइट मातीचें ग्रीस मिसळलें तर दोहोंची घडण मोडून मिश्रण पातळ होण्याचा व तेल गळून जाण्याचा संभव असतो. जात बदलावयाचीच असेल तर जुनें ग्रीस पूर्ण बाहेर पडेपर्यंत नवें भरावें, आणि पुढें तेंच चालूं ठेवावें.

घालण्याची रीत

प्रथम इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी, आणि शाफ्ट पूर्ण थांबल्याची खात्री करावी. फिरत्या शाफ्टाजवळ हात नेऊं नये. धोतराचा सोगा, उपरणें किंवा पदर शाफ्टांत गुंतला तर माणूस सोडविण्यास अवधि मिळत नाहीं. सेकंदास नऊ फेरे घेणारा शाफ्ट तो देत नाहीं. ग्रीस घालण्यासाठीं काढलेलें संरक्षक आवरण पुन्हां बसविल्याखेरीज ट्रॅक्टर चालू करूं नये.

नंतर निप्पल पुसून घ्यावें, नाहीं तर त्यावरील माती ग्रीसाबरोबर आंत जाते. चारहि टोप्यांच्या कडांतून नवें ग्रीस डोकावेपर्यंत गन हळूहळू मारावी. एखाद्या टोपीकडून ग्रीस येत नसेल तर सांधा थोडा हलवून पुन्हां मारावी. तरीहि न आल्यास ती टोपी कोरडी चालली आहे असें समजून क्रॉस उघडावा. रोटाव्हेटरसारख्या जड कामांत दर आठ तासांनीं ग्रीस घालण्याचा परिपाठ चांगला. कमी-अधिक मुदत पुस्तिकेंत असल्यास तीच पाळावी.

भातखाचरांत चिखलणी करणाऱ्यांनीं आणखी एक पथ्य पाळावें. काम संपतांच, सांधा गरम आहे तोंच, संध्याकाळीं ग्रीस घालावें. त्यानें आंत शिरलेलें पाणी बाहेर ढकललें जातें. सकाळपर्यंत थांबल्यास तें पाणी रात्रभर सुयांवर बसून गंज चढवितें.

अवजार विकत घेतांना आपण दहा ठिकाणीं भाव विचारतों. त्याच्या पोटांत जाणाऱ्या ग्रीसाविषयीं मात्र दुकानदारास एकहि प्रश्न विचारीत नाहीं. पुढील हंगामापूर्वीं वाचकांनीं आपल्या गोठ्यांतील ग्रीसाचा डबा एकदां उजेडांत आणून वाचावा, इतकीच आमची विनंती आहे.