शिक्षा भोगली, पण देणें फिटलें काय?

पाठ: लेवीय ६:१–७, मत्तय ५:२३, २४, लूक १९:१–१०

खेड्यांतील मंडळीपुढें केव्हां तरी एक अवघड प्रसंग उभा राहतो. चोरीच्या गुन्ह्याबद्दल शिक्षा भोगून सुटलेला मनुष्य गांवीं परत येतो आणि रविवारीं उपासनेस येऊन दाराशीं बसतो. ज्या घरचा बैल त्यानें नेला त्या घरचीं माणसेंही त्याच छपराखालीं बसलेलीं असतात. तो मनांत म्हणतो, "मीं शिक्षा भोगली, आतां माझ्याकडे कोणाचें काय राहिलें?" तीं मनांत म्हणतात, "ह्यानें तुरुंगांत दिवस काढले खरे. पण आमची पेरणी बुडाली ती बुडालीच." दोन्ही पक्ष खोटें बोलत नाहींत. ह्या दोन खऱ्या बोलांमध्यें जें अंतर आहे त्याचा विचार आज आपण करूं.

१. दंड कोणाच्या पदरांत पडतो?

गुन्हा एका कुटुंबाविरुद्ध घडतो, पण खटला सरकारच्या नांवानें चालतो. दंड झाला तर तो सरकारी तिजोरींत जातो. कैद झाली तर गुन्हेगाराचे दिवस जातात. ज्याचें नुकसान झालें त्याच्या हातीं त्यांतून आपोआप कांहींच येत नाहीं. ही उणीव कायद्यासही दिसली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७ अन्वयें न्यायाधीशास भरपाईचा हुकूम करतां येत असे. पुढें कलम ३५७-अ आलें व त्याअन्वयें महाराष्ट्रानें २०१४ सालीं पीडितांसाठीं भरपाईची योजना केली. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली असून तींत ह्याच तरतुदी कलम ३९५ व ३९६ ह्यांत आहेत. ह्या योजनेसाठीं अर्ज जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे करावयाचा असतो. उपदेशकांनीं हें ध्यानांत ठेवून गरजूंस वाट दाखवावी. परंतु हा पैसा सरकारचा असतो. अपराध्याच्या घामाचा नसतो.

२. तुरुंगांतील मजुरी

नाशिकरोडचें मध्यवर्ती कारागृह आपल्यापैकीं कित्येकांनीं बाहेरून पाहिलें असेल. साने गुरुजींनीं १९३३ सालीं 'श्यामची आई' हें पुस्तक नाशिकच्या तुरुंगांतच लिहिलें. आज त्या भिंतींआड सुतारकाम, विणकाम, शिवणकाम अशीं कामें चालतात व बंदिवानांस त्यांची मजुरी मिळते. १९९८ सालीं गुजरातेंतील एका प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, बंदिवानांस कामाची न्याय्य मजुरी दिली पाहिजे. त्याच निकालांत न्यायालयानें असेंही सुचविलें कीं, त्या मजुरींतील कांहीं हिस्सा ज्यांचें नुकसान झालें त्यांच्यासाठीं, थेट किंवा सामायिक निधीच्या द्वारें, राखून ठेवण्याचा कायदा राज्यांनीं करावा.

२०२३ सालीं महाराष्ट्रांत ही मजुरी वाढली, तेव्हां रोजाचे दर कुशल कामास ७४ रुपये, अर्धकुशल कामास ६७ रुपये व अकुशल कामास ५३ रुपये असे झाले. आतां हिशेब करून पाहा. अकुशल काम करणाऱ्यानें रोज दहा रुपये बाजूस ठेविले, तर कामाच्या तीनशें दिवसांत तीन हजार होतात. तेवढ्यांत बैल येणार नाहीं. शिवाय त्याच मजुरीची वाट त्याचीं लेंकरेंही घरीं पाहत असतात. म्हणून ते दहा रुपये लहान नव्हेत.

३. शास्त्र काय शिकवितें?

लेवीयाच्या पाठांत अपराध्यानें घेतलेली वस्तु परत द्यावी व तिच्या मोलाचा पांचवा हिस्सा अधिक द्यावा असें सांगितलें आहे. आणि तें ज्याचें त्यास, दोषार्पणाच्या दिवशींच द्यावयाचें आहे. धन्याचें देणें तसेंच ठेवून वेदीपाशीं येणें शास्त्रास मान्य नाहीं. मत्तयाच्या पाठांतही अर्पण वेदीपुढें ठेवून आधीं भावाकडे जाण्याची आज्ञा आहे.

जक्कयाची गोष्ट ह्याहून पुढें जाते. त्यास कोणी समन्स पाठविलें नव्हतें. तरी त्यानें आपणहून अर्धें द्रव्य गरिबांस व नाडलेल्यांस चौपट देण्याचें कबूल केलें. त्यानें दान वेगळें ठेविलें व देणें वेगळें ठेविलें, हें लक्षांत घ्या. बैल एकाचा नेऊन पेटींत दान टाकल्यानें देणें फिटत नाहीं.

कापून घेतलेला पैसा ही वसुली होय. आपणहून दिलेला पैसा ही कबुली होय. ज्याचें नुकसान झालें त्यास कित्येकदां पैशाहून ह्या कबुलीचीच वाण असते.

४. दूरदेशचा एक दाखला

अशी कबुली केवळ पुस्तकांत राहिलेली नाहीं. १९७४ सालीं कॅनडा देशांतील एल्मायरा गांवीं दोन तरुणांनीं दारूच्या धुंदींत बावीस ठिकाणीं नासधूस केली. मार्क यांत्झी नांवाच्या अधिकाऱ्यानें सुचविलें कीं, ह्यांनीं नुकसान झालेल्यांस समक्ष भेटावें. न्यायाधीशानें तें मानलें. तरुण दारोदार गेले, अपराध कबूल केला, नुकसान किती तें विचारलें आणि पुढें कांहीं महिन्यांत भरपाई केली. त्या लहानशा प्रयत्नांतून पुष्कळ देशांत अशा भेटींची पद्धत वाढली.

५. उपदेशकांस सूचना

पहिली: भरपाई घेणें न घेणें हा दुखावलेल्याचा अधिकार आहे. तो "नको" म्हणाला तर त्यास कठोर समजूं नये.

दुसरी: अपराध्यानें एकदम दाराशीं जाऊं नये. आधीं विश्वासू मध्यस्थाकडून निरोप जावा. तो अजून तुरुंगांत असेल तर अधीक्षकांकडे अर्ज करून रीत विचारावी.

तिसरी: पैसा देऊन साक्ष फिरविणें किंवा खटला मिटविणें ही भरपाई नव्हे, ती दुसरा अपराध होय. स्त्रीवर किंवा बालकावर अत्याचार झाला असेल तेथें तर तडजोडीची गोष्टच काढूं नये.

चौथी: दिलेली रक्कम लिहून ठेवावी, पण सभेंत तिचा डंका वाजवूं नये.

क्षमा विकत मिळत नाहीं, आणि भरपाई तिची किंमतही नव्हे. तथापि ज्यानें थोडें थोडें देण्यास आरंभ केला तो दाराशीं बसला तरी मान खालीं घालून बसणार नाहीं; आणि ज्यांचें गेलें त्यांस कळेल कीं, आपलें दुःख कोणी तरी मोजलें.

विचारासाठीं प्रश्न

१. दान व देणें ह्यांत भेद काय?
२. जक्कयानें आपणहून दिलें, ह्यास महत्त्व कां?
३. आपल्या गांवांत कोणाचें देणें राहिलें आहे? त्यांत आपलें स्वतःचें तर नाहीं ना?