पडणारे दात म्हणून सोडू नकोस

चि. केतकीस,


ओजसच्या दातांचे फोटो मोठे करून नीट पाहिले. वरच्या चार पुढच्या दातांवर हिरडीलगत पांढरट, निस्तेज पट्टा आहे आणि खालच्या एका दाढेत तपकिरी खड्डा. खालचे पुढचे दात मात्र चांगले आहेत. इतकी वर्षं लहान मुलांचे दात बघते आहे, त्यामुळे सांगते, हे रात्रीच्या बाटलीचं काम आहे. साखर घातलेलं दूध पीत मूल झोपलं की खालच्या दातांना जिभेचा आडोसा मिळतो, वरचे मात्र दुधात भिजत राहतात. झोपेत लाळही कमी सुटते. साखरेपासून जंतू आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दातातले क्षार ओढून घेतं. तो पांढरा पट्टा म्हणजे किडीची पहिली पायरी.

‘दुधाचेच दात, पडणारच आहेत,’ असं तुझ्या सासूबाई म्हणतात. पुढचे दात सहा-सात वर्षांचा झाला की पडतील, हे खरं. पण दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात आणि ओजस आता कुठे तीनच्या आसपास आहे. ती दाढ आधीच काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि कायमच्या दाताला यायला वाट उरत नाही. शिवाय दुधाच्या दाताचं वरचं कवच पातळ असतं. कीड आतल्या नसेपर्यंत लवकर पोचते. मग रात्रीचा ठणका, जेवणाला नकार आणि अखेर भूल देऊन उपचार. ती वेळ त्याच्यावर येऊ देऊ नकोस.

पांढऱ्या पट्ट्यांवर फ्लोराइडचं व्हार्निश लावतात. दात पुसून ब्रशने लेप दिला की लाळेशी संबंध येताच तो दाताला चिकटतो. त्या दिवशी दात जरा पिवळट दिसतील, घाबरू नकोस. काही तास कडक काही खायला द्यायचं नाही आणि त्या रात्री ब्रश करायचा नाही. फ्लोराइडमुळे लाळेतले क्षार दातात परत बसायला मदत होते. हा लेप दर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा द्यावा लागतो.

दाढेसाठी डॉक्टरांनी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड सुचवलंय आणि दाढ काळी पडेल म्हणून तू अडली आहेस. केतकी, माझं मत स्पष्ट आहे: लावून घे. किडलेला भागच तेवढा काळा होतो, निरोगी भाग नाही. तपकिरी, मऊ खड्डा म्हणजे कीड चालू आहे. काळा आणि टणक झाला म्हणजे ती थांबली. जपानमध्ये हे औषध पन्नासहून अधिक वर्षं वापरात आहे आणि 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. सुई नाही, ड्रिल नाही. डॉक्टर आणि तू गुडघ्याला गुडघे लावून समोरासमोर बसाल, ओजसचे पाय तुझ्या कमरेभोवती, डोकं डॉक्टरांच्या मांडीवर. ओठांना व्हॅसलीन, दाढेभोवती कापूस, बारीक ब्रशने एक थेंब आणि मिनिटभर थांबणं. अंगात जुना शर्ट असू दे, कारण कपड्यावरचा डाग जात नाही. कातडीवरचा काही दिवसांत जातो. मात्र दाढ रात्री आपोआप ठणकत असेल किंवा हिरडीवर पुटकुळी आली असेल, तर हे औषध पुरणार नाही. डॉक्टरांना ते आधीच सांग. चांदीची ॲलर्जी असेल तर तेही.

तुमच्या यवतमाळकडे फ्लोराइड म्हटलं की लोकांना धास्ती वाटते आणि ती अकारण नाही. तिथल्या कितीतरी बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे. पण दातांवर डाग येतात ते दात घडत असताना रोज पोटात जाणाऱ्या फ्लोराइडमुळे. काही महिन्यांतून एकदा वरून दिलेल्या लेपामुळे नव्हे. बोअरचं पाणी तपासून घे. लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त निघालं तर प्यायला आणि स्वयंपाकाला दुसरं पाणी वापर. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटून उलट त्याचं प्रमाण वाढतं. टूथपेस्ट फ्लोराइडचीच घे, पण तांदळाच्या दाण्याएवढी; तिसरा वाढदिवस झाला असेल तर वाटाण्याएवढी चालेल. ब्रश तू स्वतः कर, त्याच्या हाती सोडू नकोस.

आणि बाटली बंद कर. पहिले काही दिवस तो रडेल, तुझीही झोप मोडेल. दूध पेल्यातून, साखरेशिवाय, ब्रश करण्याआधी दे; त्यानंतर फक्त पाणी. हे जमलं नाही तर व्हार्निश कितीही वेळा लावलं तरी नवे डाग येत राहतील.

येत्या आठवड्याचीच वेळ घे आणि सहा महिन्यांनी ती दाढ पुन्हा दाखव. सासूबाईंना सोबत ने. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्यांचीही काळजी मिटेल.

तुझी,
आत्या