उपाशी राहून उतरलेलं वजन

माझ्या लहानपणी गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या एटापल्ली तालुक्यात पोट सुटलेला माणूस शोधावा लागे. २०२१ नंतर सूरजागडच्या लोहखाणीचं काम जोरात सुरू झालं, हेडरीच्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागली आणि अनेक घरांत दरमहा पगार येऊ लागला. ते चांगलंच झालं. पण त्याच्या मागोमाग मोटारसायकल आली, पाकिटातला शेवचिवडा आला, थंड पेयाची बाटली आली. मी ट्रकांच्या पावत्या करतो. पाळीभर खुर्ची सुटत नाही, रात्रपाळीला समोसा आणि गोड चहा सुटत नसे. लग्नातला शर्ट अंगात शिरेना, तेव्हा झटपट वजन उतरवायचं मनावर घेतलं.

शहरातून एक ओळखीचे गृहस्थ पावडरचे डबे घेऊन आले. सकाळ-संध्याकाळ पावडर पाण्यात ढवळून प्यायची, दुपारी काकडी. भात बंद, डाळ बंद. भूक मारायला मी खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, वाढवला. पन्नीत घोटलेला खर्रा गालात धरला की जेवणाची वेळ टळते, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. वजन भराभर उतरलं, गाल बसले, लोक कौतुक करू लागले. मग केस गळायला लागले, पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. एका रात्रपाळीत उजव्या बरगडीखाली अशी कळ उठली की सरळ उभं राहता येईना. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. पुढे पित्ताशय काढावं लागलं.

डॉक्टरांनी कारण समजावलं, ते प्रत्येकाला माहीत असावं. उपासमारीत शरीरातली चरबी वेगानं वितळते, तेव्हा यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. जेवणात स्निग्ध काहीच नसल्यानं पित्ताशय नीट रिकामं होत नाही. साचलेल्या पित्ताचे खडे बनतात. शिवाय अशा उपासात चरबीबरोबर स्नायूही झिजतात. जेवण पूर्ववत झालं की वजन परत येतं, स्नायू मात्र तितके परत येत नाहीत. माझंही तसंच झालं.

दिवसातून दोनच वेळा जेवावं हे डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलं, डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोहोचवलं. पण त्या दोन वेळी पोटभर जेवायचं असतं आणि आधी रक्त तपासून घ्यायचं असतं, हे ऐकीव माहितीवर चालणारे विसरतात. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना मनानंच जेवण तोडलं, तर साखर एकदम घसरून माणूस बेशुद्ध पडू शकतो.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत आणखी एक धोका आहे, सिकलसेलचा. ज्याला हा आजार आहे त्यानं उपास केला, पाणी कमी प्यायलं, तर रक्तवाहिन्यांत पेशी अडकून असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. अनेकांना आपल्याला सिकलसेल आहे हेच माहीत नसतं. पावडर विकणारा ते विचारत नाही.

वजन उतरवायला हवंच, यात शंका नाही. शोधग्रामच्या ‘सर्च’ संस्थेनं गडचिरोली जिल्ह्यातल्या ८६ गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. दर सात मृत्यूंमागे साधारण एक लकव्यानं होत होता. लकव्याच्या मुळाशी बहुतेक वेळा वाढलेला बीपी असतो, आणि वजन, मीठ, तंबाखू या तिन्हींचा त्यात हात असतो. म्हणून भूक मारायला खर्रा खाणं म्हणजे ज्या रोगाच्या भीतीनं वजन उतरवायचं, त्यालाच बोलावणं.

कमरेला टेप लावून पाहा. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर गेली की सावध व्हावं. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ. ८० किलोच्या माणसानं ४ ते ८ किलो कमी केले तरी बीपी आणि साखरेत फरक दिसतो.

मला लागू पडलं ते घरचंच जेवण. भात सोडला नाही. वाटीनं मोजून घेतो, आणि आधी भाजी-डाळ खाऊन मग भाताला हात लावतो. अर्धं ताट भाजीचं. आमच्या बाजारात पावसाळ्यात तरोटा येतो, वास्ते (बांबूचे कोंब) येतात, सात्या (अळिंबी) येतात, पुढे अंबाडी असते. बोडीतली (लहान तळ्यातली) मासळी किंवा अंडं असलं की पोट लवकर भरतं आणि स्नायू टिकतात. चहात दोन चमचे साखर धरली तर सहा कपांत बारा चमचे, म्हणजे जवळपास ६० ग्रॅम; तेवढी एक सवय बदलली तरी रोज सव्वादोनशेच्या वर कॅलरी वाचतात. रात्रपाळीला घरूनच जेवून निघतो, डब्यात भाजलेले चणे ठेवतो.

चालायला मुख्य रस्ता नको, तिथं ट्रक आणि धूळ. आतल्या पायवाटेनं, सोबत घेऊन, उजाडल्यावर निघावं. मोहफुलांच्या दिवसांत अंधारात अस्वल ती खायला येतं. आठवड्यात मिळून १५० मिनिटं भरली पाहिजेत.

मात्र डोंगरावरच्या माडिया आदिवासी बांधवांची काटक अंगकाठी बघून ‘असं कमी खावं’ असं कुणी म्हणू नये. त्यातल्या कितीतरी घरांत कमी खाणं ही निवड नाही, आणि कुपोषण-रक्तक्षय तिथं आजही आहेत. ज्या घरात वजन उतरवायची गरज आहे तिथल्याही वाढत्या मुलांच्या, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईच्या ताटातलं काही काढू नका.

बीपी, साखर आणि सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. जेवणातला पहिला घास कमी करण्याआधी एटापल्लीच्या ग्रामीण रुग्णालयात नाहीतर जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन या, आणि घरातल्या सगळ्यांना सोबत न्या.