चिडचिड डोक्यात की पोटात? (११ ते १५ वयाच्या मुलांच्या पालकांसाठी)



या वयात मूल फटकन बोलतं, दार आपटतं, नाहीतर गप्पच बसतं. आपण मोबाईलला दोष देतो. तो असतोच, पण "पोट साफ झालं का?" हे विचारायचं राहून जातं.

पोट आणि मेंदू यांना जोडणारी व्हेगस नावाची नस आहे. तिच्यातले बहुतेक तंतू पोटाकडून मेंदूकडे निरोप नेतात, उलटे कमी. सेरोटोनिन हे मनाशी जोडलेलं रसायनही सुमारे ९० टक्के आतड्यात बनतं. मात्र ते तिथून थेट मेंदूत शिरत नाही, म्हणून "ताक प्या, आनंदी व्हा" असले फॉरवर्ड कृपया ग्रुपवर टाकू नका. यावरचा बराच अभ्यास अजून उंदरांवरचाच आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांना भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला जातीचे जीवाणू भरपूर आढळले (२०१६). धान्य, डाळी, भाजीपाला खाणाऱ्यांकडे हे जास्त असतात. म्हणजे आपल्या खानदेशी आज्यांच्या कळण्याच्या भाकरीवर पोसलेले! आता त्यांच्या वाट्याला काय येतं? सकाळी उपाशी शाळा, मधल्या सुट्टीत वेफर, क्लासहून येताना मैद्याचा पफ. त्यापेक्षा आपल्या बारडोलीचा पातरा बरा, निदान त्यात पान आणि बेसन तरी असतं.

लाजेमुळे कोणी बोलत नाही अशी एक गोष्ट. शाळेच्या संडासात जायला नको म्हणून कितीतरी मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग बद्धकोष्ठ, पोट गच्च, डोकं जड, आणि संध्याकाळी राग निघतो आईवर. हा विषय आईनेच काढायचा, तोही चारचौघांत नाही. सकाळी मुलांना दहा मिनिटं लवकर उठवा, संडासला घाई करू नका. रोज एक उसळ, एक फळ, भरपूर पाणी. वाढत्या मुलांना कडक उपवास नको.

आता उलट बाजू. मनावर ताण असला तरी पोट दुखतं. मूल दोन आठवडे उदास असेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर डॉक्टरांकडे न्या. नामस्मरण चालू ठेवा, पण डॉक्टरांच्या ऐवजी नाही. "जगायचं नाही" असं बोललं तर त्याच दिवशी. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर फुकट आहे, रात्रीसुद्धा, मराठी-गुजरातीत बोलता येतं.

रविवारी बालवर्गात मुगाची उसळ करणार आहोत. मुलांना पाण्याची बाटली देऊन पाठवा.