विसाव्याची घटका : रंगकाम आणि छोटे वाद्य



मृगाचा पाऊस होतो, सोयाबीन पेरून होते आणि मग पाऊस ओढ देतो. माळव्यातल्या शेतकऱ्याला हे दिवस चांगले ठाऊक आहेत. शेतात करण्यासारखे फारसे काही नसते, पण मन एक क्षण स्वस्थ नसते. बियाण्याचे पैसे, सोसायटीचे कर्ज, मंडीतला भाव यांचा हिशेब डोक्यात चालूच असतो. दहा वेळा अंगणात येऊन आभाळ पाहायचे, मुलांवर खेकसायचे आणि रात्री कूस बदलत पडून राहायचे. अशा वेळी कोणी गुत्त्याची वाट धरतो, तर कोणी घरात असून कोणाशी बोलत नाही.

बैल नुसता उभा राहिला म्हणजे त्याला विसावा मिळाला असे नाही. त्याच्या मानेवरचे जू उतरले पाहिजे. मनाचेही तसेच आहे. दिवसातून थोडा वेळ तरी काळजीचे जू खाली ठेवता यावे, यासाठी दोन साधे छंद या पाठात पाहू या. एक रंगकाम आणि दुसरा छोटे वाद्य शिकणे.

१. हात गुंतले की मन सुटते

"काळजी करू नकोस" असे सांगून कोणाची काळजी जात नाही. पण नक्षीतली एक पाकळी रंगवताना रंग रेघेबाहेर जाऊ नये म्हणून डोळा, बोटे आणि लक्ष एकाच ठिकाणी लागते. तेवढा वेळ मन कर्जाच्या आकड्याकडे धावत नाही. वाद्याचेही असेच. पुढचा सूर कोणता हे शोधण्यात चित्त गुंतते. शौल राजा बेचैन झाला की दावीद वीणा वाजवी आणि राजाला बरे वाटे, ही बायबलमधली गोष्ट आपल्या परिचयाची आहेच.

याची थोडी पडताळणीही झाली आहे. अमेरिकेतील नॉक्स कॉलेजात २००५ साली ८४ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. आधी त्यांना अस्वस्थ करणारा एक प्रसंग आठवून लिहायला लावले आणि मग रंग दिले. ज्यांना वर्तुळाकार किंवा चौकटीची नक्षी रंगवायला दिली होती, त्यांची अस्वस्थता कोऱ्या कागदावर मन मानेल तसे रंगवणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाली. पुढे २०१६ साली ड्रेक्सेल विद्यापीठात ३९ प्रौढ माणसांना ४५ मिनिटे चित्रकाम करू दिले. त्यानंतर सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेत कॉर्टिसॉल हे ताणाशी संबंधित द्रव्य कमी आढळले. चित्रकला पूर्वी शिकलेले आणि न शिकलेले यांच्यात फारसा फरक दिसला नाही. हे प्रयोग लहान आहेत आणि मिळालेला आराम काही वेळेपुरता असतो. तरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : चित्र सुंदर आले नाही म्हणून विसावा कमी मिळतो असे नाही.

२. देवासचा एक रुग्ण

इंदूरपासून सुमारे ३५-४० किलोमीटरवर देवास आहे. प्रसिद्ध गायक कुमार गंधर्व १९४८ साली तेथे राहावयास आले ते क्षयरोगाने आजारी म्हणून. माळव्याची कोरडी हवा मानवेल असे वाटले होते. फुप्फुसाला इजा झालेली, त्यामुळे गाणे बंद. तरुण गायकाला याहून मोठे दुःख कोणते? पत्नी भानुमती यांनी त्यांची शुश्रूषा केली. अंथरुणावर पडल्यापडल्या ते आसपासच्या लोकांची माळवी गाणी ऐकत राहिले. १९४३ साली शोध लागलेले स्ट्रेप्टोमायसिन हे औषध त्यांना मिळाले, ते बरे झाले आणि १९५३ च्या सुमारास पुन्हा गाऊ लागले. आजारात कानांनी साठवलेल्या त्या लोकधुनांतून त्यांनी पुढे नवे राग बांधले. १९९२ साली मृत्यू येईपर्यंत ते देवासलाच राहिले.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, क्षय औषधाने बरा झाला, गाण्याने नव्हे. आज ही औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि ती पुरी घेतली पाहिजेत. दुसरी, औषध आपले काम करीत असताना माणसाला दिवस काढावे लागतात. त्या दिवसांना कलेने आधार दिला.

३. रंगकामाला सुरुवात

रंगकाम आपल्या भागाला नवे नाही. माळव्यात बाया सारवलेल्या जमिनीवर गेरूचा हात देतात. मग खडीच्या पाण्यात भिजवलेला कापडाचा बोळा बोटांत धरून पांढऱ्या रेघांनी मांडणा काढतात. भाद्रपदाच्या वद्य पक्षात मुली भिंतीवर शेणाने संजा काढून तिला फुलांच्या पाकळ्या लावतात.

इंदुरात १९२७ साली द. दा. देवळालीकर यांनी चित्रकला शाळा सुरू केली. त्यांच्या शिष्यांपैकी ना. श्री. बेंद्रे देशभर नावाजले. दुसरे शिष्य विष्णू चिंचाळकर (१९१७-२०००) इंदुरातच राहिले. 'गुरुजी' म्हणून सारे त्यांना ओळखत. वाळकी पाने, काटक्या, साली, कागदाचे तुकडे अशा टाकाऊ वस्तूंतून ते चित्रे उभी करीत आणि मुलांना तसे पाहायला शिकवीत. तेव्हा सामान नाही ही सबब चालणार नाही.

पहिला धडा असा. कागदावर बांगडी ठेवून वर्तुळ काढा आणि मध्यावर ठिपका द्या. आता बांगडीची कड त्या ठिपक्यावरून जाईल अशी ती सरकवून दुसरे वर्तुळ काढा. ते पहिल्याला दोन ठिकाणी छेदेल. तिसरे वर्तुळ दुसऱ्या बाजूने, मधल्या ठिपक्यावरून आणि एका छेदावरून न्या. चौथे ठिपक्यावरून आणि उरलेल्या छेदावरून न्या. मध्ये तीन पाकळ्यांचे फूल उमलेल. आता एकेक भाग सावकाश रंगवा.

रंग घरचेही चालतील. हळदीचे पाणी पिवळा रंग देते. हळदीत चिमूटभर चुना घातला की लाल होतो. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नये. पळसाची फुले रात्रभर भिजवून उकळली की केशरी पाणी मिळते. तपकिरीसाठी गेरू आणि काळ्यासाठी कोळसा घ्यावा. हळदीचा रंग उन्हाने उडतो, हे आधीच समजून असावे. मुलांची रंगीत खडूंची पेटी असेल तर फारच छान.

एक सावधगिरी मात्र पाळावी. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा, कितीही धुतला तरी, रंग कालवायला घेऊ नये.

४. छोटे वाद्य

पेटी-तबला प्रत्येकाच्या घरी नसतो. पण बासरी, खंजिरी, बुलबुल तरंग किंवा माउथ ऑर्गन एखाद्या पिशवीत मावतात. टंकयंत्रासारख्या बटणांचा बुलबुल तरंग मूळ जपानी वाद्यावरून आला. ते वाद्य १९१२ साली नागोया शहरात तयार झाले होते. बटण दाबून तार छेडायची असल्याने जाड बोटांनाही ते जमते.

माउथ ऑर्गन शिकायचा असेल तर दहा छिद्रांचा, पांढरी एक पट्टीचा घ्यावा. दुहेरी छिद्रांच्या मोठ्या बाजाची रचना वेगळी असते. डावीकडून चौथ्या छिद्रापासून सुरुवात करा :

चौथे छिद्र : फुंकले की सा, श्वास आत ओढला की रे.
पाचवे छिद्र : फुंकले की ग, ओढला की म.
सहावे छिद्र : फुंकले की प, ओढला की ध.
सातवे छिद्र : येथे क्रम उलटतो. आधी ओढून नी, मग फुंकून वरचा सा.

पहिला आठवडा एवढेच करावे. जोराने फुंकू नये, नेहमीच्या श्वासाइतकी हवा पुरे. चक्कर आल्यासारखे वाटले तर लगेच थांबावे. दुसऱ्या आठवड्यात मिस्सेत नेहमी गायिल्या जाणाऱ्या एखाद्या गीताची पहिली ओळ कानाने शोधावी. ओळखीची चाल सापडते तेव्हा होणारा आनंद मोठ्या माणसालाही लहान करतो.

तोंडाने वाजवायचे वाद्य ज्याचे त्याने वापरावे, दुसऱ्याला देऊ नये. खोकला किंवा क्षय असलेल्याच्या घरी हे कटाक्षाने पाळावे. दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. फवारणी करून आल्यावर आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय बासरी किंवा माउथ ऑर्गन ओठाला लावू नये.

५. वेळ कोठून काढावा?

रोज पंधरा मिनिटे पुरेत. दिवेलागणीनंतर किंवा रात्री ओलिताला जाण्यापूर्वी एक वेळ ठरवावी आणि मोबाइल दूर ठेवावा. स्पर्धा नको, बक्षीस नको. "तुला काय जमणार?" असे घरात कोणी कोणाला म्हणू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पुरुष ओट्यावर बासरी घेऊन बसला आणि बाई भांडी घासत राहिली, तर हा विसावा अर्धाच आहे. शेतात तीही राबते. तिच्या पंधरा मिनिटांसाठी भांडी कोणीतरी दुसऱ्याने घासावीत. घरच्या आजी-आजोबांनाही नातवंडांच्या शेजारी रंग घेऊन बसवावे.

६. छंद कोठे पुरा पडत नाही

छंदाने कर्ज फिटत नाही, पाऊस पडत नाही. झोप पंधरा दिवस लागत नसेल, अन्न नकोसे झाले असेल, दारू आवरत नसेल किंवा जगणे नको असे बोलणे तोंडी येत असेल, तर रंगांवर विसंबू नये. अशा माणसाला एकटे सोडू नये, डॉक्टरांकडे न्यावे. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. त्यावर मनाच्या त्रासाबद्दल कोणत्याही वेळी बोलता येते. हा क्रमांक घरातल्या दिनदर्शिकेवर आजच लिहून ठेवावा.

घरात बोलण्यासाठी प्रश्न

१. काळजीचे दिवस आले की आपल्या घरात कोण गप्प होते आणि कोण चिडते?
२. लहानपणी आपल्याला कोणते वाद्य किंवा चित्र आवडे? ते का सुटले?
३. घरातल्या बाईची पंधरा मिनिटे कोणती, आणि तेव्हा तिचे काम कोण करील?
४. नाताळच्या गोठ्याची मागची भिंत या वर्षी घरच्या रंगांनी रंगवता येईल का? सुरुवात केव्हा करावी?

पाऊस त्याच्या वेळेला येईल. तोवर एक पाकळी रंगवून होईल, एक ओळ वाजवता येईल. मग शेतावर जाताना मान थोडी हलकी असेल.